तीस माणसांचा किल्ला

शुक्रवार : कॉन्वी

वेल्सचा राजपुत्र लुएलिन १२८२ च्या डिसेंबरात मारला गेला आणि पुढच्याच वसंतात इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने कॉन्वी नदीच्या मुखाशी किल्ल्याचं काम काढलं. तिथे साधूंचा मठ होता. साधूंना नदीकाठाने आत, काही मैलांवर हलवलं, त्यांचं चर्च नव्या गावाला देऊन टाकलं आणि खडकावर आठ बुरूज उभे केले. मुख्य बांधकाम १२८७ पर्यंत उरकलंसुद्धा! त्याच सुमारास किनाऱ्याने खाली कायर्नार्वन आणि हार्लेख, आणि काही वर्षांनी बोमॅरिस. हे चारही किल्ले १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. धाकटा भाऊ मँचेस्टरला असतो. उन्हाळ्यात आई त्याच्याकडे आली होती, मी रजा टाकून पोचले, आणि चारही किल्ले ओळीने करायचं ठरलं.

माझी एक अट होती. लढाया, वेढे, राजेरजवाडे फलकांवर लिहिलेले असतातच. मला इथे रोज काय चालायचं ते शोधायचं होतं. पाणी कोण भरायचं, भाकर कुठे भाजायचे, रात्री कुठे पाठ टेकायचे. आईला हे फार पटलं, कारण कुठल्याही गडावर तिचे प्रश्न तेवढेच असतात.

ए-५५ रस्ता समुद्राला लागला की थोड्याच वेळात किल्ला अंगावर येतो. आज तो करडा दिसतो, पण तेव्हा त्याला बाहेरून चुना फासलेला होता. तटाच्या दगडांना अजून कुठेकुठे तो चिकटून आहे. पांढराफटक किल्ला, खाली नदी, मागे हिरवे डोंगर. जिंकलेल्या मुलखाला दुरूनच दिसावं की आता मालक कोण आहे, असा सगळा बेत.

आत गेलं की किल्ल्याचे सरळ दोन भाग दिसतात. पहिल्या, मोठ्या चौकात शिबंदी. दुसऱ्या, आतल्या चौकात राजा-राणीची दालनं. मध्ये आडवा तट, त्याच्यासमोर खडकात खोदलेला चर आणि त्यावर उचलता येणारा पूल. म्हणजे शत्रू बाहेरच्या चौकात घुसला तरी राजा आत सुरक्षित, आणि एरवीही शिपाईगड्यांची वर्दळ राजाच्या अंगणात नको. चराशेजारीच विहीर आहे, ९१ फूट खोल. आई कठड्याला टेकून बराच वेळ आत बघत होती. "रोज इतकं पाणी शेंदायचं म्हणजे एक माणूस त्यातच गेला," ती म्हणाली. आपल्या आज्ञापत्रातही आधी पाणी पाहावं, मग गड बांधावा असंच सांगितलंय. इथे पाऊस बारमाही, तरी खडक फोडून विहीर खणलीच. वेढा पडल्यावर आभाळाच्या भरवशावर कोण राहील?

आता माणसं किती? या आडदांड किल्ल्यात निदान पाचशे तरी असतील, असं बघणाऱ्याला वाटतं. १२८४ मध्ये एडवर्डने किल्लेदाराला नेमून दिलेली संख्या तीस आहे. त्यात पंधरा आडव्या धनुष्याचे तिरंदाज, एक पाद्री, एक हत्यारं दुरुस्त करणारा, एक सुतार, एक गवंडी, एक लोहार. उरलेल्यांतून दरवान, पहारेकरी आणि लागतील ते बाकीचे नोकर काढायचे. या सगळ्यासाठी किल्लेदाराला वर्षाचे १९० पौंड. धाकट्याने तिथेच फोन काढून हिशेब केला. पौंडाचे तेव्हा २४० पेन्स, म्हणजे माणशी रोजचे चार पेन्सच्या आसपास, आणि किल्लेदाराला स्वतःचं पोट आणि थाटमाटही त्यातूनच भागवायचा. हा किल्ला ज्याच्या देखरेखीखाली उभा राहिला तो सव्हॉयहून आलेला जेम्स ऑफ सेंट जॉर्ज रोज तीन शिलिंग, म्हणजे छत्तीस पेन्स घेत होता. ते वेतन त्याला १२८४ पासून तहहयात लावून दिलेलं होतं.

"कंपनीचा आर्किटेक्ट आणि गेटवरचा वॉचमन," धाकटा म्हणाला. "फरक तेवढाच आहे, ताई."

मला मात्र त्या तिसांतला सुतार, गवंडी आणि लोहार महत्त्वाचे वाटले. लढणारी माणसं मोजून पंधरा आणि कारागीर मात्र नावनिशीवार नेमलेले. किल्ला उभा राहिला की खरं युद्ध पावसाशी सुरू होतं, हे राजाच्या कारकुनांना पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही ते हरले. १३२१ च्या पाहणीत कॉन्वीची छपरं गळकी, लाकडं कुजलेली आणि कोठारात फारसं काही नाही, असं निघालं. म्हणजे बांधून चाळीस वर्षंही झाली नव्हती! पुढे १३४० च्या दशकात मोठ्या दिवाणखान्याचं छप्पर पेलायला लाकडाऐवजी दगडी कमानी घालाव्या लागल्या. त्यातली एक अजून उभी आहे. छप्पर कधीचं गेलं, कमान राहिली.

हा दिवाणखाना म्हणजे शिबंदीचं घर. लांबी सव्वाशे फूट, पण खडकाच्या कडेप्रमाणे बांधल्यामुळे सरळ नाही, मध्ये वाकलेला आहे. इथेच जेवायचं, इथेच बसायचं, आणि ज्यांना बुरुजात जागा नाही त्यांनी इथेच पेंढ्यावर झोपायचं. घोडीवर फळ्या टाकल्या की टेबल, जेवणं झाली की फळ्या भिंतीला. समोरच्या उत्तर तटाला लागून मुदपाकखाना आणि तबेला होते, आज त्यांची जोतीच उरलीत. पाव भाजायचा बुरूज आतल्या चौकात आहे आणि त्यातली भट्टी अजून ओळखू येते. दिवसाचं मुख्य जेवण सूर्य डोक्यावर यायच्या आत, दुसरं दिवस मावळायच्या आधी, कारण चरबीच्या मेणबत्त्या म्हणजे खर्च. पाव, वाटाण्याची घट्ट आमटी, खारवलेलं मांस आणि पाण्याऐवजी जवाची पातळ बिअर. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालत.

"उपासाला मासे?" आईने भुवया उंचावल्या. आम्ही मूळ मालवणकडचे. तिच्या चेहऱ्यावर धर्मांतराचा विचार क्षणभर तरळून गेला असावा.

आतल्या चौकात राजाची दालनं पहिल्या मजल्यावर होती. खिडक्या इथे मोठ्या, नक्षीच्या, बसायला दगडी बाकं असलेल्या. बाहेरच्या चौकात मात्र उजेडही मोजूनमापून. कोपऱ्यातल्या बुरुजात प्रार्थनामंदिर आहे, छोटंसं पण फार देखणं, आणि त्याला लागून भिंतीत एक खोली आहे, जिथून राजाला इतरांपासून वेगळं बसून प्रार्थना बघता यायची. पण राजा बसला किती वेळा? किल्ला पुरा झाल्यावर एडवर्डचा इथला नाव घेण्याजोगा मुक्काम एकच, आणि तोही नाइलाजाचा. १२९४ मध्ये मॅडोग या वेल्श सरदाराने वेल्समध्ये बंड केलं. ते मोडायला राजा आला आणि ऐन नाताळात नदीला पूर येऊन किल्ल्यातच अडकला. रसद संपत आली. म्हणतात, वाइनचं एकच पिंप उरलं होतं, ते राजासाठी बाजूला ठेवलं, तर त्याने एकट्याने प्यायला नकार देऊन सगळ्यांत वाटून टाकलं. राजांच्या अशा गोष्टी खऱ्या मानताना मी जरा हात आखडता घेते. पण पंधरा हजार पौंडांच्या आसपास खर्च करून बांधलेल्या किल्ल्यात राजाने खारं मांस चघळत नाताळ काढला, हे बघायला मजा वाटली.

राणी एलेनॉर कॅस्टिलची, म्हणजे स्पेनची. तिच्या वाट्याला इथलं पक्कं घर आलंच नाही. किल्ला बांधून होत होता तेव्हा ती नवऱ्याबरोबर तंबूत आणि लाकडी खोल्यांत राहिली आणि १२९० मध्ये वारली. पण १२८३ च्या उन्हाळ्यातल्या हिशेबात तिची एक खूण आहे. बांधकामाच्या त्या धुळीत तिने हिरवळ मागितली. गवताचे तुकडे होडीतून आणले, भोवती पिंपांच्या फळ्यांचं कुंपण घातलं, आणि जुलैतल्या एका संध्याकाळी त्याला पहिलं पाणी घातल्याबद्दल तिच्या एका नोकराला तीन पेन्स दिले. सातशे चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी बागेला झारीने पाणी घातलं त्याची पावती टिकून आहे, आणि आमच्या सोसायटीच्या बागेचा मागच्या वर्षीचा हिशेब सापडत नाही.

संध्याकाळी धक्क्यावर चक्कर मारली. ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं म्हणवणारं लाल घर बघितलं. तिकिटाला रांग होती, आत गेलो नाही.

शनिवार : गावाचा तट, मग बोमॅरिस

कॉन्वी गावाभोवतीचा तट जवळजवळ अखंड आहे. लांबी सव्वा किलोमीटरहून थोडी जास्त, बुरूज एकवीस, मोठे दरवाजे तीन. आतल्या गावात इंग्रजांनी राहायचं, आसपासच्या वेल्श माणसांनी बाहेर. सकाळी आई नाश्त्याला रेंगाळली तेवढ्यात आम्ही दोघांनी वरून चक्कर मारली. दक्षिण अंगाला, गिरणीच्या दरवाजाजवळ, मी ज्यासाठी आले होते ते सापडलं. तटाच्या माथ्याबाहेर काढलेले बारा संडास, एका ओळीत, दगडी टेकूंवर. राजाच्या दफ्तरातल्या कारकुनांचं काम इथे आसपास चाले, त्यांची ही सोय. मधल्या पडद्यांचं काय होतं ठाऊक नाही म्हणून धाकट्याने काही अंदाज केले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

गंमत सोडली तर या किल्ल्यांमध्ये सगळ्यात जास्त विचार संडासावरच केलेला दिसतो. बुरुजाच्या जवळजवळ प्रत्येक राहत्या मजल्याला भिंतीतून एक चिंचोळी वाट, तिला एक वळण, मग दगडी बैठक आणि खाली सरळ नळ. वळण वासासाठी. खाली कॉन्वीला नदी आणि खडक, बोमॅरिसला खंदक. वाऱ्याची दिशा फिरली की त्या वळणाचा किती उपयोग होत असेल याची मला शंका आहे.

मेनायची सामुद्रधुनी ओलांडून अँगल्सी बेटावर गेलं की बोमॅरिस. कॉन्वी बघून आलेल्याला हा किल्ला बुटका वाटतो. कारण तो अर्धवट आहे. मॅडोगचं बंड मोडल्यावर १२९५ मध्ये एडवर्डने सपाट दलदलीच्या जागेवर तो सुरू केला. तिथे जवळच ल्लानवाइस हे भरभराटीला आलेलं वेल्श बंदर होतं. तिथल्या रहिवाशांना उठवून बेटाच्या दुसऱ्या टोकाला नवं गाव वसवून दिलं. खडक नसल्यामुळे जेम्सला हवा तसा नकाशा काढता आला. तटाच्या आत तट, दोन्हीकडून सारखा, चारी बाजूंनी पाण्याचा खंदक, आणि दरवाजाजवळ एक छोटी गोदी, जिथे भरतीच्या वेळी चाळीस टनांचं गलबत किल्ल्याला येऊन लागायचं. धान्याची पोती पाठीवर वाहून वर चढवायला नकोत. राजगडाच्या पायवाटेवर माझी काय गत होते ते आठवून मला या गोदीचा हेवा वाटला.

किल्ल्याला लागूनच पाण्यावर चालणारी चक्की होती. पिठाचा प्रश्न असा दारातच सुटलेला. आतल्या तटाच्या जाडीतून एक अंधारा बोळ जवळजवळ सगळीकडे फिरतो, आणि त्या बोळातून संडासांच्या जोड्या, पाठीला पाठ लावून. आईने संख्या बघून समाधान व्यक्त केलं. तिच्या मते चारही किल्ल्यांत हा सगळ्यात विचार करून बांधलेला. इतिहासाचे अभ्यासकही असंच म्हणतात, पण ते आराखड्याच्या रेखीवपणासाठी.

मला मात्र इथे किल्ल्यापेक्षा एका पत्रात जास्त रस होता. २७ फेब्रुवारी १२९६ ला जेम्स आणि बांधकामाचा कारकून वॉल्टर ऑफ विंचेस्टर यांनी राजाच्या खजिन्याला लिहिलेलं पत्र. आठवड्याला एवढा पैसा जातो कुठे, असं तुम्हाला वाटत असेल, म्हणून सांगतो, अशी सुरुवात करून ते यादीच देतात. चारशे गवंडी, दोन हजार बिगारी, दगड फोडणारे दोनशे, तीस लोहार, शिवाय सुतार. शंभर गाड्या, साठ मोठे छकडे, दगड आणि कोळसा आणणाऱ्या तीस होड्या. आणि यात किल्ल्याच्या शिबंदीचा खर्च धरलेला नाही, सामानाची खरेदी धरलेली नाही. माणसांचे पगार थकलेत. त्यांना टिकवून धरणं कठीण झालंय कारण त्यांच्याकडे खायला काही नाही. शेवटी ताजा कलम म्हणून पुन्हा एकदा, देवाच्यान पैसे लवकर पाठवा, नाहीतर आजवर केलेलं सगळं फुकट जाईल.

पैसे आलेच नाहीत असं नाही, पण राजाचं लक्ष तोवर स्कॉटलंडकडे वळलं होतं. काम कूर्मगतीने रेटत १३३० पर्यंत नेलं आणि सोडून दिलं. आतल्या दालनांना वरचा मजला चढलाच नाही. मोठमोठ्या खिडक्यांच्या चौकटी आहेत, चुलींची धुराडी आहेत, पण त्या चुलीपुढे कुणी राजा शेकत बसला नाही. इथल्या ‘रोजच्या जगण्या’चा खरा काळ म्हणजे ते बांधकामच. सव्वीसशेहून जास्त माणसं, फेब्रुवारीचा समुद्रावरचा वारा, थकलेला पगार. ती राहायची कुठे? झोपड्या, तंबू, गावातले भाड्याचे कोपरे. त्यांतल्या अनेकांना इंग्लंडच्या परगण्यांतून सक्तीने आणलेलं. पळून जाणं हाच सुटकेचा मार्ग, म्हणून पत्रात ‘टिकवून धरणं’ हे शब्द आले.

रात्री मुक्कामाच्या घरात स्वयंपाकघर वापरायला मिळालं. आईने डाळतांदळाची खिचडी टाकली. बाहेर पाऊस.

रविवार : कायर्नार्वन

कायर्नार्वन हा चौघांतला सगळ्यात मोठ्या रुबाबाचा. बुरूज गोल नाहीत, अष्टकोनी वगैरे, आणि भिंतीत वेगळ्या रंगाच्या दगडांचे आडवे पट्टे. खर्च वीस हजार पौंडांच्या वर गेला आणि १३३० मध्ये काम थांबलं तेव्हाही तो अपुराच होता. दुसरा एडवर्ड इथे २५ एप्रिल १२८४ ला जन्मला. गरुड बुरुजातली एक खोली त्याची जन्मखोली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दाखवत आलेत. पण पाया खणायला १२८३ चा उन्हाळा उजाडला होता. दहा महिन्यांत बुरूज तिथवर चढणं अशक्य. राणीचं बाळंतपण झालं असणार ते राजाराणीसाठी घाईने उभारलेल्या लाकडी घरात. तिथेही ती एकटी नव्हती. दासी, सुईण, कारकून, घोडे, आणि चहूकडून छिन्नी-हातोड्यांचा आवाज. बाळाला पहिली झोप कशी लागली असेल!

आई दोन दिवस बुरुजांच्या पायथ्याशी बसून आमची वाट बघत होती. इथे राजदरवाजाच्या बुरुजात लिफ्ट बसवली आहे, २०२३ पासून चालू. आई वर गेली, तटावरून सामुद्रधुनी, गाव, होड्या बघून आली आणि तिने जाहीर केलं की हा किल्ला सर्वांत चांगला. बोमॅरिस मागे पडला.

राजदरवाजाचा बेत ऐकून मी थक्क झाले होते. एकामागे एक पाच दारं, सहा वरून सोडायचे लोखंडी-लाकडी जाळीदार दरवाजे, छतात भोकं, दोन्ही बाजूंच्या देवड्यांमधून जंग्या. हे सगळं पुरं झालं नाही हा भाग वेगळा. पण झालं असतं तर दूधवाल्याला आत यायला किती वेळ लागला असता, असा प्रश्न मला पडतो. रोजच्यासाठी दरवाजातली दिंडीच वापरत असणार.

इथला मुदपाकखाना मात्र बघण्यासारखा. वर काही उरलेलं नाही, तरी जमिनीवर सगळं वाचता येतं. दोन मोठ्या हंड्यांची बैठक आणि खाली जाळ घालायची जागा. विहिरीच्या बुरुजातून इथवर पाणी यायची सोय, दगडात कोरलेली पन्हळ. पावसाचं पाणी साठवायला वेगळ्या बुरुजात टाकी. म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकात इथे स्वयंपाकघरात नळ होता असं म्हणायला हरकत नाही. कॉन्वीचा तो पाणी शेंदणारा माणूस इथे सुटला.

पण दिवाणखाना चौकाच्या अगदी समोरच्या बाजूला, दक्षिण तटाला! आगीची भीती म्हणून चूल दूर ठेवणं समजतं. तरीही या प्रदेशात, या पावसात, मोठमोठी ताटं उघड्यावरून पळवत नेणारी पोरं डोळ्यांपुढे आली. आम्ही उभे होतो तेव्हाही पाऊस आडवा येत होता. मी ते अंतर चालून पाहिलं. गरम काही गरम पोचलं नसणार. खरं तर राजा तिथे जेवायला असताच कुठे? थोडे पहारेकरी, एखादा कारकून, किल्लेदार असलाच तर. त्यांना बहुधा बुरुजातल्याच चुलीवर काहीतरी रटरटत ठेवणं सोपं पडत असेल. हा माझा तर्क, पण ते अंतर चालून पाहिलेल्या कुणालाही पटेल.

१२९४ च्या बंडात मॅडोगच्या माणसांनी हा किल्ला घेतला होता. गावाच्या बाजूची भिंत तेव्हा पुरती चढलीच नव्हती. राजाचा इथला अधिकारी मारला गेला, दफ्तरं जळली. इतक्या दारांचा तो अवाढव्य दरवाजा त्यानंतरच्या धास्तीतून आलेला आहे.

सोमवार : हार्लेख

डोंगरातून, धुक्यातून, मेंढ्यांमधून दक्षिणेला उतरलो. हार्लेख दिसतो तो थेट कड्यावर, आणि पहिल्यांदाच मला घरी आल्यासारखं वाटलं. हा गड आहे. बाकीचे तीन भुईकोट.

आत जागा अगदी कमी. दिवाणखाना, मुदपाकखाना, भट्टी, अंबारखाना, प्रार्थनामंदिर, सगळं एका चौकाच्या कडेने दाटीवाटीने. यातला एक दिवाणखाना तर आयता आणलेला. इथून जवळच वेल्श राजपुत्रांच्या वाड्यातलं लाकडी सभागृह होतं, ते सुटं करून इथे आणून पुन्हा जोडलं. जिंकलेल्याच्या घराची लाकडं काढून आणणं ही काटकसर होती की मिरवणूक, दोन्ही असेल. किल्ल्याचा एकूण खर्च आठ हजार पौंडांच्या घरात, चौघांतला सगळ्यात स्वस्त.

राहण्याची खरी सोय दरवाजाच्या भव्य इमारतीत. खोल्या मोठ्या, चुली, खिडक्या आतल्या बाजूला तोंड करून. इथे किल्लेदार राहायचा, आणि १२९० ते १२९३ तो किल्लेदार होता स्वतः जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. चौघांपैकी निदान एका किल्ल्यात तरी बांधणाऱ्याला तीन हिवाळे काढावे लागले. कुठल्या धुराड्याचा धूर उलटा येतो आणि कुठल्या छपराला पागोळी नीट नाही, हे त्याला जातीने कळलं असेल.

कड्यावरून खाली १०८ पायऱ्या उतरतात. तेव्हा समुद्र पायथ्याशी होता, आता तो वाळूच्या टेकड्यांपलीकडे सरकलाय आणि पायथ्याशी आगगाडीचं स्टेशन आहे. मॅडोगच्या बंडात सदतीस माणसांनी हा किल्ला राखला तो या पायऱ्यांच्या जोरावर. आयर्लंडहून जहाजाने धान्य येई आणि पोती या वाटेने वर चढत. मी अर्ध्यापर्यंत उतरले, तेवढ्याने पाठीवरच्या पोत्याचा अंदाज आला.

शांततेच्या काळात किल्ल्यांचं काय होई त्याची इथली एक यादी मला फार आवडते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ओवेन ग्लिनडूरने वेल्समध्ये उठाव केला तेव्हा हार्लेखच्या शिबंदीकडे काय होतं? तीन ढाली, आठ शिरस्त्राणं, सहा भाले, हातमोज्यांचे दहा जोड आणि चार तोफा. हातमोजे सगळ्यात जास्त! वेल्समधला हिवाळा ज्याने काढलाय तो याला हसणार नाही. कॉन्वीला तर १४०१ मध्ये गुड फ्रायडेला जवळजवळ सगळी शिबंदी गावातल्या चर्चमध्ये गेली आणि दोन वेल्श भाऊ आपल्या माणसांसह सुतारांच्या सोंगाने आत शिरून किल्ला घेऊन बसले. सुतार कामाला येणं ही तिथली इतकी नेहमीची गोष्ट होती की पहारेकऱ्यांना शंकाही आली नाही. गळकी छपरं अशी महागात पडली.

१४०४ च्या अखेरीस हार्लेख ग्लिनडूरच्या हाती आला. त्याने इथे राजधानी केली, सभा भरवली, आणि कुटुंबकबिला आणला. बायको, लेकी, जावई एडमंड मॉर्टिमर, नातवंडं. चार दिवस किल्ल्यांमधून हिंडताना मी जो संसार शोधत होते तो मला इथे, त्या चार-पाच वर्षांत सापडला. एडवर्डने वेल्श माणसाला धाक बसावा म्हणून बांधलेल्या दालनांमध्ये मुलं वाढवली ती एका वेल्श बंडखोराच्या लेकीने. धाकट्याला हे इतकं आवडलं की त्याने तिथेच ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. त्याचा एक सहकारी वेल्श आहे, त्याने लगेच लाल ड्रॅगन पाठवला.

"मग त्या नातवंडांचं पुढे काय झालं?" आईने गाडीत बसताना विचारलं.

१४०९ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून किल्ला परत घेतला. जावई त्या वेढ्यातच गेला. ओवेन निसटला, पण बायको, लेकी आणि नातवंडं पकडली गेली, त्यांना लंडनला नेलं. मुलगी कॅट्रिन आणि तिच्या मुली १४१३ मध्ये लंडनमध्येच वारल्या.

आई यावर काही बोलली नाही, पर्समधून आल्याची वडी काढून दोघांना एकेक दिली. मँचेस्टरला पोचायला अजून तीन तास होते आणि धाकट्याची मंगळवारी सकाळी नऊला मीटिंग होती.